उतारावरचा चेंडू

या स्मरणिकेत कुणी स्नेहसंमेलनांवर लिहिलं असेल, कुणी सहलींवर, कुणी सरांच्या छडीवर. मी शाळेच्या मैदानाच्या उतारावर लिहिणार आहे आणि त्यासाठी स्कॉटलंडपर्यंत जाऊन येणार आहे. मेळाव्याच्या निधीतून मैदान सपाट करून द्यावं, अशी सूचना आपल्या गटावर आली आणि एका दिवसात तिला चाळीस अंगठे मिळाले. मी अंगठा दिला नाही. "का रे बाबा?" असं तिघांनी विचारलं. मोबाइलवर दोन ओळींत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून हा लेख.

आपलं मैदान कसं होतं ते नव्या मुलांसाठी सांगतो. वरच्या अंगाला ध्वजस्तंभ आणि उंबराचं झाड, खालच्या अंगाला विहीर. डोक्यावर अजिंक्यतारा, त्यामुळे साताऱ्यात सपाट जागा मिळणं मुश्कीलच, आणि शाळेच्या वाट्याला आला तो डोंगराच्या पायथ्याचा तुकडा. विहिरीच्या दिशेने मारलेला चेंडू आपोआप सीमेपार जायचा. ध्वजस्तंभाच्या दिशेने मारलेला जोरदार फटकाही चढावर दमून परत यायचा. म्हणून आपण नियम केला होता, खाली चौकार दोन धावांचा, वर चौकार सहाचा. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. तो कुणी केला हेही आज कुणाला आठवत नाही, पण आमच्या आधीच्या तुकड्यांतही तो होता.

मी छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात सर्वेक्षणाचं काम केलं. कालव्याच्या कामात उतार हाच देव असतो. पाच हजार मीटरला एक मीटर उतार दिला तर पाणी शहाण्यासारखं चालतं. तो चुकला की एकतर गाळ साचतो नाहीतर काठ खरवडून निघतात. त्यामुळे माणसं जमिनीकडे पाहतात तेव्हा त्यांना रंग, झाडं दिसतात, मला चढ-उतार दिसतो. गेल्या दिवाळीत मुख्याध्यापकांची परवानगी काढून मी डंपी लेव्हल लावून आपलं मैदान मोजलं. ध्वजस्तंभापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत १०० मीटर लांबी, ६० मीटर रुंदी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत उतार २.९ मीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता गोल्फ. आपल्यापैकी फार थोड्यांनी हा खेळ खेळला असेल. टीव्हीवर पाहिला तरी गालिच्यासारखी हिरवळ दिसते आणि वाटतं, सगळं कसं सपाट आणि गुळगुळीत. प्रत्यक्षात उताराशी इतका संबंध असलेला दुसरा खेळ मला माहीत नाही. क्रिकेट, हॉकी, टेनिस, सगळ्यांना सरळ जागा लागते. गोल्फ जन्मला तोच उंचसखल जमिनीवर. स्कॉटलंडच्या समुद्रकाठी, पुळण आणि शेतजमीन यांच्यामधल्या वाळूच्या टेकाडांवर, जिथे नांगर चालत नाही आणि मेंढ्या चरतात, तिथे लोक काठीने चेंडू मारत फिरायचे. त्याचं वेड इतकं होतं की १४५७ साली तिथल्या पार्लमेंटने त्यावर बंदी घातली, कारण माणसं धनुर्विद्येचा सराव सोडून याच्या मागे लागली होती. बंदीचा फारसा उपयोग झाला नाही.

खेळाचे पहिले लिखित नियम १७४४ सालचे, एडिंबरोजवळच्या लीथ गावचे. एकूण तेरा. त्यातला एक नियम मला फार आवडतो: चेंडू मारायला सोपं जावं म्हणून वाटेतले दगड, हाडं किंवा मोडक्या काठ्यांचे तुकडे हलवायचे नाहीत, साफ हिरवळीवर हलवलेत तर चालेल, पण तेही चेंडूपासून काठीभर अंतरातच. जनावरांची हाडं पडलेल्या जमिनीवर हा खेळ चालायचा हे त्या एका शब्दावरून कळतं. त्यातूनच पुढे गोल्फचा मूळ नियम पक्का झाला, चेंडू जसा पडला असेल तसाच मारायचा. खड्ड्यात असो, चढावर असो, उतारावर असो. उचलून सोयीच्या जागी ठेवलात तर दंड. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानात १७६४ साली १८ गली झाल्या आणि तोच आकडा पुढे जगभर रूढ झाला, पण तिथली जमीन अजून तशीच लाटांसारखी आहे.

(गली म्हणालो ते मुद्दाम. विटीदांडूत आपण जमिनीत कोरतो ती गल, आणि गोल्फमधलं भोक, यांत मला काही फार फरक दिसत नाही. फक्त आपण गलीतून विटी कोलतो, आणि ते गलीत चेंडू घालतात.)

हिंदुस्थानात हा खेळ लवकर आला. कोलकात्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला सगळ्यात जुना. मुंबईत १८४२ साली क्लब निघाला. आणि साहेब उन्हाळ्यात डोंगरावर जायला लागला तसा खेळही डोंगर चढला. उटी, शिलाँग, आणि सिमल्याजवळचं नालदेहरा. नालदेहरा लॉर्ड कर्झनला एवढं आवडलं की त्याने आपल्या एका मुलीच्या नावात ते गाव घातलं.

आपल्या जिल्ह्यात हे ठिकाण म्हणजे महाबळेश्वर. जनरल लॉडविक १८२४ साली तिथे चढून गेला. पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा घेतली आणि बदल्यात वाईजवळचं खंडाळा गाव दिलं. हा करार १८२९ चा. म्हणजे कोलकात्यात गोल्फ क्लब निघाला त्याच वर्षी. ज्या महाराजांनी जागा दिली त्यांना पुढच्या दहा वर्षांत, १८३९ साली, गादीवरून उतरवून काशीला पाठवलं, हे इतिहासाच्या बाईंनी आपल्याला शिकवलंच आहे. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधला. तिथले जुने रस्ते चिनी आणि मलायी कैद्यांकडून करून घेतलेले. त्यांचा तुरुंग १८६४ पर्यंत तिथे होता. आपण आठवीच्या सहलीत घोड्यावर बसून फोटो काढले, तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

महाबळेश्वरचा क्लब १८८१ साली निघाला. त्याच्या गोल्फच्या मैदानावर माझा पहिला संबंध आला तो नोकरीमुळे. सहा महिने तिथे पाणीपुरवठ्याच्या सर्वेक्षणावर होतो. एका वरिष्ठ साहेबांना खेळाचा नाद; सोबत हवी म्हणून मला घेऊन जायचे आणि जुनी काठी हातात द्यायचे. तांबडी जांभ्याची माती, बाजूला जांभळीची झाडी, आणि जमीन अशी की दोन्ही पाय एका पातळीवर ठेवायला जागा शोधावी लागे. मला शिकवलं ते साहेबांनी नाही, काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या एका मामांनी. गाव जवळचंच, पायात चप्पल नाही, वय साठीच्या आसपास. माझा पहिलाच फटका दरीकडे गेला तेव्हा ते म्हणाले, "साहेब, डोंगराशी भांडू नका. खांदं उताराबरोबर करा."

उतारावरच्या फटक्याचं सगळं शास्त्र मामांच्या त्या वाक्यात आहे, आणि माझ्यासारख्या लेव्हलवाल्या माणसाला ते लगेच पटलं. सपाट जागी उभं राहिलं की कमरेपासून वरचं शरीर जमिनीला काटकोनात असतं. उतारावर माणूस नकळत गुरुत्वाच्या रेषेत उभा राहतो, कारण पडायची भीती. मग काठी एकतर चेंडूच्या आधी मातीत रुतते, नाहीतर चेंडूच्या डोक्याला लागते. म्हणून खांद्यांची रेघ उताराला समांतर करायची, म्हणजे काठीच्या दृष्टीने जमीन पुन्हा सपाट होते. चेंडू दोन पायांत जो वर असेल त्या पायाकडे थोडा सरकवून घ्यायचा. झोका छोटा, कारण तोल सांभाळणं पहिलं.

त्यानंतर चेंडू काय करतो तेही ठरलेलं आहे. चढाच्या दिशेने मारला तर चढाचा कोन काठीच्या पात्याच्या तिरकेपणात मिळतो. सात नंबरच्या लोखंडी काठीचं पातं साधारण ३४ अंशांत तिरकं असतं. दहा अंशांच्या चढावर ती ४४ अंशांची, म्हणजे जवळजवळ नऊ नंबरची होते. चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो, म्हणून लांब पल्ल्याची काठी घ्यायची. उताराच्या दिशेने मारताना उलट: चेंडू बुटका निघतो, पडल्यावर पळत सुटतो, थांबायचं नाव घेत नाही. हे दोन प्रकार तसे सोपे.

खरी गंमत आडव्या उताराची. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर काठी थोडी खाली धरायची, ताठ उभं राहायचं, आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याने नेम उजवीकडे धरायचा, कारण चेंडू डावीकडे ओढला जातो. चेंडू पायांखाली असेल तर गुडघे वाकवून बसतं व्हायचं आणि नेम डावीकडे, कारण तो उजवीकडे पळतो. हे का होतं? पातं तिरकं असतं, आणि काठी आडवी कलली की त्या तिरकेपणाचा काही भाग बाजूला वळतो. जितकं पातं तिरकं तितका चेंडू जास्त वळतो. मी त्या रात्री रेस्ट हाउसवर कागदावर आकृती काढून ते पडताळून पाहिलं तेव्हा मामांनी सांगितलेलं तंतोतंत निघालं. मामांनी कोनमापक कधी हातात धरला नसेल.

मामांना मी विचारलं, तुम्ही खेळता का? ते म्हणाले, लहानपणी करवंदीच्या काठीला वाकवून खेळायचो, इथं नाही. हा भाग गोल्फच्या इतिहासात सांगायलाच हवा. आपल्याकडच्या क्लबांमध्ये त्या जमिनीचा प्रत्येक चढ ज्यांना पाठ होता ती माणसं पिशव्या वाहत होती. त्यांच्यातून पुढे खेळाडू झाले, पण फार उशिरा. इंडियन ओपन ही स्पर्धा १९६४ पासूनची. ती जिंकणारा पहिला भारतीय अली शेर, दिल्लीच्या मैदानावर पिशव्या वाहतच खेळ शिकलेला, आणि ते साल होतं १९९१. कोलकात्याच्या क्लबापासून मोजलं तर १६२ वर्षं.

महाबळेश्वरला पडलेला पाऊस कृष्णेतून साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला भेटतो, कराडला कोयनेला भेटतो आणि सांगलीला पोचेपर्यंत आठशे मीटरहून जास्त खाली उतरलेला असतो. माझी नोकरीही त्याच वाटेने उतरली. शेवटची अकरा वर्षं सांगलीत. आपल्यातले बरेच जण शिकायला सांगलीलाच गेले होते, वालचंदला किंवा विलिंग्डनला. १९४९ पासून १९६० पर्यंत हा जिल्हा दक्षिण सातारा म्हणूनच ओळखला जात होता, त्यामुळे परक्या मुलखात गेल्यासारखं वाटायचं कारण नाही. पण साताऱ्याच्या माणसाला सांगलीत एक गोष्ट खटकते, ती म्हणजे जमीन. काळी, गाळाची, आणि सपाट. पाणी कुठे जायचं तेच त्याला कळत नाही. २००५ आणि २०१९ च्या पुरात ते आम्ही पाहिलं.

या सपाट सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी एका शाळामास्तरांच्या घरी विजय हजारे जन्मले. क्रिकेटमधला सगळ्यात प्रसिद्ध उतार त्यांच्या वाट्याला आला, तो लंडनच्या लॉर्ड्सचा. हे मैदान थॉमस लॉर्ड या माणसाने केलं. त्याची पहिली जागा १७८७ ची; दुसरी रीजंट्स कालव्याच्या मार्गात आली म्हणून सोडावी लागली (कालवेवाल्यांनी तिथेही कुणाचा तरी खेळ मोडला म्हणायचा), आणि १८१४ मध्ये तो आजच्या जागी आला. ही जागा टेकडीच्या उतारावर. उत्तरेच्या कडेपासून दक्षिणेच्या कडेपर्यंत २.५ मीटर उतार आहे, खेळपट्टीला आडवा. म्हणजे गोल्फमधला तोच आडवा उतार. पॅव्हिलियनकडून टाकलेला चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताच्या फलंदाजाच्या आत येतो, नर्सरीच्या टोकाकडून टाकलेला बाहेर जातो. आणि फलंदाज उभा असतो त्याच उतारावर, त्यामुळे तोलही त्याचाच सांभाळायचा.

१९५२ च्या जूनमध्ये हजारे तिथे भारताचे कर्णधार होते. पहिल्या डावात ते नाबाद ६९, दुसऱ्यात ४९. दुसऱ्या डावात विनू मंकडबरोबर त्यांनी २११ धावांची भागीदारी केली. मंकडच्या १८४ धावा झाल्या. सामना आठ गड्यांनी गेला, पण तो आजही मंकडचा सामना म्हणून ओळखला जातो. लोकांनी मंकडला लक्षात ठेवलं ते योग्यच. मला मात्र पलीकडच्या टोकाला पाय रोवून उभा असलेला सांगलीचा माणूस दिसतो. त्यानंतर पासष्ट वर्षांनी, २३ जुलै २०१७ ला, सांगलीच्या माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना त्याच उतारावर विश्वचषकाचा अंतिम सामना खेळायला उतरली आणि शून्यावर त्रिफळाचीत झाली. भारत नऊ धावांनी हरला. त्या दिवशी आमच्या गल्लीत रात्री कुणी कुणाशी बोललं नाही. २०२२ च्या सप्टेंबरात ती पुन्हा लॉर्ड्सला खेळली, तेव्हा ५० धावा केल्या आणि भारत जिंकला.

दोनशे वर्षं झाली, लॉर्ड्स सपाट केलेलं नाही. त्यांच्याकडे पैसा नाही म्हणून नव्हे. आता तो आकडा आठवा. लॉर्ड्सचा उतार २.५ मीटर, आपला २.९. आपण चाळीस सेंटिमीटरने पुढे आहोत. अर्थात त्यांचा उतार रुंदीचा आहे आणि आपला लांबीचा, पण विटीदांडूला, आबाधुबीला आणि शाळेच्या क्रिकेटला त्याने फरक पडत नाही. उलट आपण वकट, लेंड, मूंड मोजत खेळायचो तेव्हा विटी वरच्या अंगाला टोलवायची की खालच्या, हे ठरवण्यातच अर्धा खेळ होता. वर टोलवली तर झेल घेणारा खाली सूर्याकडे पाहत उभा. खाली टोलवली तर विटी लांब, पण झेलणारे विहिरीपाशी तीनजण टपलेले.

आता मैदान सपाट करायचं तर हिशोब असा. वरच्या टोकाला दीड मीटर खोदायचं, खालच्या टोकाला दीड मीटर भर घालायची. खोदाई २,१७५ घनमीटर, म्हणजे सुमारे ७७० ब्रास. खालच्या भरावाला विहिरीच्या बाजूने साठ मीटर लांबीची राखणभिंत लागेल, आणि तिच्या मागे साचणाऱ्या पावसाच्या पाण्याला वाट ठेवावी लागेल. आज ते पाणी आपोआप निघून जातं. वर दीड मीटर खोदलं तर उंबराची मुळं उघडी पडतील आणि ते झाड चार पावसाळेही काढणार नाही. गटावर कुणीतरी जो खर्च टाकला होता त्यात भिंतही नव्हती आणि पाण्याची वाटही नव्हती.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खरं आहे, ते सांगायला हवं. आजच्या मुलींचा खो-खोचा संघ जिल्ह्यापर्यंत जातो आणि सरावाला दुसऱ्या शाळेचं मैदान मागावं लागतं. खो-खोला आणि कबड्डीला उतार चालत नाही. उतरणीवर अचानक थांबून वळताना घोटे आणि गुडघे जातात. हे क्रीडाशिक्षकांनी मला स्पष्टपणे सांगितलं आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून माझी सूचना अशी आहे की खो-खोचं २७ बाय १६ मीटरचं मैदान, भोवतीची दीड-दीड मीटरची मोकळी जागा धरून ३० बाय १९, तेवढंच सपाट करावं. लांब बाजू उताराला आडवी ठेवली तर दोन कडांमधला फरक जेमतेम ५५ सेंटिमीटर येतो आणि खोदाई १४ ब्रासमध्ये भागते. भिंत लागत नाही, गुडघाभर दगडी बांध पुरतो. कबड्डीचं मैदान त्यातच आखता येईल. जागा मधल्या अंगाला, उंबरापासून लांब. राहिलेला निधी मुलींच्या स्वच्छतागृहाला द्यावा. ते काम पाच वर्षं रखडलेलं आहे.

ज्यांना ही मापं तपासून पाहायची असतील त्यांनी मेळाव्याच्या दिवशी सकाळी साडेसातला ध्वजस्तंभापाशी यावं. डंपी लेव्हल मी घेऊन येतो. विहिरीच्या टोकाला स्टाफ धरून उभा राहायला एक माणूस लागेल.